राखीव खाट काउंटरवर अडते : जुन्या धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय विश्वस्त,
मुंबई आणि पुण्यातील जुनी धर्मादाय रुग्णालये

विषय : निर्धन व दुर्बल घटकांसाठीच्या राखीव खाटा आणि निर्धन रुग्ण निधी यांच्या रोजच्या कामकाजाबाबत

सप्रेम नमस्कार.

कार्यरत खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी सवलतीत, ही मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केलेली योजना तुम्हाला आम्ही नव्याने सांगावी असे नाही. वार्षिक अहवालात तिच्यावर एक पान असतेच. त्या पानावर जे येत नाही, त्याबद्दल हे पत्र आहे. रुग्ण कॅज्युअल्टीत शिरल्यापासून घरी जाईपर्यंत त्याची फाइल ज्या टेबलांवरून फिरते, त्यांतल्या कोणत्या टेबलावर त्याचा हक्क गळतो हे आम्हाला ठाऊक आहे, कारण ती टेबले आमचीच : वैद्यकीय समाजसेवकाचे, बिलिंगचे, वॉर्डातल्या सिस्टरचे. बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम चुकलेला आहे. तो बदलायला नवी इमारत लागत नाही, तुमचा ठराव लागतो.

आधी थोडा इतिहास. ‘रुग्णालय देणग्यांवर उभे राहिले, सरकारने आम्हाला काय दिले?’ हा सवाल विश्वस्तांच्या बैठकांत अजून निघतो, म्हणून. या दोन शहरांतली रुग्णालये देणग्यांवर उभी राहिली हे खरेच. जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीला ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशाची जोड मिळून १८४५ साली भायखळ्याचे जे. जे. सुरू झाले, डेव्हिड ससून यांच्या पैशातून १८६७ साली पुण्याचे ससून, १८७४ साली गोकुळदास तेजपाल. परळला १९२६ साली केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, तीन वर्षांनी शेजारीच बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय. यांतली काही आज सरकारची किंवा पालिकेची आहेत, काही न्यासांकडेच राहिली. पुण्याच्या रास्ता पेठेतले केईएम १९१२ साली एका छोट्या दवाखान्याच्या रूपाने सुरू झाले. १९४४ पासून तिथे काम करणाऱ्या डॉ. बानू कोयाजींनी ते वाढवता वाढवता शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकपर्यंत नेले; १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो याच कामासाठी. तेव्हा कोणत्याही न्यायालयाचा आदेश नव्हता.

पण देणगीच्या जोडीला सार्वजनिक पैसाही आला. नाममात्र भाड्याची जमीन, वाढीव चटईक्षेत्र, आयकरातली सूट. १९८८ च्या मार्चमध्ये केंद्राने परदेशी वैद्यकीय यंत्रांवरचे सीमाशुल्क माफ केले, तेही अटींवर : बाह्यरुग्णांपैकी ४० टक्क्यांना मोफत उपचार, महिना ५०० रुपयांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या आंतररुग्णांना मोफत उपचार आणि त्यासाठी किमान १० टक्के खाटा राखीव. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही अट यंत्र बंदरातून सोडवून घेण्यापुरती नाही, पुढेही पाळायची आहे. म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आलेली २००६ ची योजना आकाशातून पडलेली नाही. घेतलेल्या सवलतींची ती परतफेड आहे, आणि तीही अर्धीमुर्धीच.

आता काउंटर.

तातडीच्या रुग्णाकडून दाखल करताना अनामत मागायची नाही, जीव वाचवणारे उपचार लगेच सुरू करायचे, प्रकृती स्थिर झाल्यावर गरज पडली तर सरकारी रुग्णालयात पोहोचवायचे, हे योजनेत स्वच्छ लिहिले आहे. प्रत्यक्षात काय होते? कॅज्युअल्टीतले डॉक्टर उपचार सुरू करतातच. अडते ते पुढे, आयपी नंबर म्हणजे दाखल रुग्णाचा क्रमांक काढताना. बऱ्याच रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये डिपॉझिटचा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. आयपी नंबर नाही म्हणून रक्ताचे नमुने ‘अर्जंट कॅश’ वर जातात, औषधाची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात येते आणि रात्री दोन वाजता तो बाहेर पैसे जमवत फिरतो. रात्रपाळीच्या कारकुनाला रकाना ओलांडायचा अधिकार नसतो आणि सकाळी ‘डिपॉझिट का घेतले नाही’ हा जाब मात्र त्यालाच विचारला जातो. मग तो घेतो. त्याच्या जागी कोणीही घेईल.

उपाय साधा आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘तात्पुरता निर्धन’ असा वेगळा वर्ग उघडावा. त्यात अनामत शून्य, दर जनरल वॉर्डाचा, तपासण्या आणि औषधे थेट फाइलवर. हा वर्ग लावण्याचा अधिकार रात्रपाळीच्या कॅज्युअल्टी डॉक्टरला किंवा सिस्टर इन-चार्जला द्यावा, वरिष्ठांना फोन न करता. कागदपत्रांसाठी ७२ तास द्यावेत. त्या मुदतीत रुग्ण निकषात बसत नाही असे निघाले, तर वर्ग बदलून बिल लावता येते. उलटा प्रवास मात्र अवघड आहे. रुग्ण आधी ‘सेल्फ पेइंग’ म्हणून नोंदला गेला आणि तिसऱ्या दिवशी निर्धन ठरला, तर तोवर लागलेली प्रत्येक नोंद मागे जाऊन बदलावी लागते. आपल्याकडे खाटेच्या वर्गाप्रमाणे ऑपरेशनचा, सोनोग्राफीचा, डॉक्टरांच्या फेरीचाही दर बदलतो. जनरल वॉर्ड भरला म्हणून एक रात्र ट्विन शेअरिंगमध्ये, म्हणजे दोन खाटांच्या खोलीत, काढलेल्या रुग्णाच्या सगळ्या नोंदी वरच्या वर्गाने पडतात आणि त्या कोणी दुरुस्त करत नाही, कारण त्यासाठी लेखा विभागाची सही लागते.

कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण सर्वांत जास्त रुग्ण इथे परत जातात. निर्धनांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार रुपये आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड, यांपैकी एक. आमच्या काउंटरवर ‘यांपैकी एक’ चे हळूहळू ‘ही सगळी’ झाले, आणि वर आधार, मतदार ओळखपत्र, फोटो. पिवळे कार्ड असेल तरच निर्धन, असाही एक समज पक्का झाला आहे. केशरी कार्ड १५ हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मिळते. १ लाख हे १ लाख ८० हजारांपेक्षा कमी आहे, हे सांगायला लेखापाल लागू नये. तरीही केशरी कार्ड दाखवणाऱ्याला ‘तहसीलदाराचा दाखला आणा’ म्हणून पाठवले जाते. दाखल्यासाठी सेतू किंवा आपले सरकार केंद्र, स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल. यात आठवडा-पंधरवडा सहज जातो. अपेंडिक्स तेवढे थांबत नाही.

कार्डावरच्या नावांची अडचण निराळीच. नुकतेच लग्न झालेल्या मुलीचे नाव अजून माहेरच्या कार्डावर असते. कामासाठी शहरात आलेल्या माणसाचे कार्ड गावाकडे, सासऱ्याच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असते. आणि नवजात बाळाचे नाव कुठेच नसते; त्याला नावच नसते. अपुऱ्या दिवसांचे बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, महिना-दीड महिना राहते, त्याचा आयपी नंबर आईपेक्षा वेगळा असतो, आणि आई जनरल वॉर्डात निर्धन म्हणून मोफत असताना बाळाचे बिल पूर्ण दराने चढत राहते. हे कोणी मुद्दाम करत नाही; नवा नंबर निघताना वर्ग आपोआप ‘सेल्फ पेइंग’ पडतो. आईचा वर्ग बाळाच्या नंबरला आपोआप लागेल अशी सोय करून द्यायला सॉफ्टवेअरवाल्याला एक दिवस पुरे. विश्वस्तांनी एकच काम हाती घ्यायचे ठरवले, तर आम्ही हे सुचवू.

पडताळणी हे मुळात वैद्यकीय समाजसेवकाचे काम. भारतात हे पद पहिल्यांदा आले ते १९४६ साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, समाजकार्याचे प्रशिक्षण देणारी संस्था मुंबईत त्याआधी दहा वर्षे उभी राहिली होती, आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. घर किती मोठे, कमावते किती, कर्ज कोणाचे, आजारपणात रोजगार बुडाला का, हे विचारून माणसाची परिस्थिती ओळखण्याचे हे शास्त्र आहे. आज समाजसेवकाचा बहुतेक दिवस झेरॉक्स तपासण्यात आणि धर्मादाय कार्यालयाला पाठवायचे तक्ते भरण्यात जातो. शिवाय तो दहा ते पाच. शनिवारी दुपारनंतर दाखल झालेल्या निर्धन रुग्णाची पहिली भेट सोमवारी, आणि तोवर औषधांची रोख बिले जमलेली. तीनशे खाटांच्या रुग्णालयात संध्याकाळी आठपर्यंत एक आणि रविवारी सकाळी एक समाजसेवक असलाच पाहिजे. रिसेप्शनिस्टची पाळी लावता येते, तर हीही लावता येईल.

बिलाकडे वळू. योजनेप्रमाणे काही सेवांचे बिलच लावायचे नसते : खाट, आरएमओची (निवासी डॉक्टरची) सेवा, नर्सिंग, चादरी, पाणी, वीज, साफसफाई, आणि रुग्णालय जेवण देत असेल तर तेही. बाकीच्या सेवांना सर्वांत खालच्या वर्गाचा दर लावायचा. औषधे, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू) आणि इम्प्लांट रुग्णालयाला ज्या भावाने पडले त्या भावाने धरायचे, छापील किमतीने नव्हे. जे डॉक्टर आपली फी सोडतात, ती निधीच्या बिलात धरायची नाही. असे जे बिल तयार होईल ते निर्धनाच्या बाबतीत निर्धन रुग्ण निधीतून वळते करायचे. या निधीत रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम जमा करायची असते.

खरेदी किमतीच्या नियमाला किती अर्थ आहे ते आकड्यांत पाहू. उदाहरणासाठी २०० खाटांचे रुग्णालय घ्या. महिन्याची बिले ६ कोटी रुपयांची असतील, तर निधीत १२ लाख जमा होतात. राखीव खाटा दोन्ही गटांच्या मिळून ४०. एका खाटेला महिन्याला ३० हजार, दिवसाला १ हजार रुपये. एवढ्यात एक व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बसवायचा, तर बिलातला प्रत्येक ग्लोव्ह आणि प्रत्येक सिरिंज कोणत्या भावाने धरली याला महत्त्व येते. २०१८ साली राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा हजार टक्क्यांच्या वर निघाला होता. छापील किंमत आणि खरेदी किंमत यांच्यातली दरी स्टेंट किंवा गुडघ्याच्या सांध्यात नसते इतकी या किरकोळ डिस्पोजेबल्समध्ये असते. स्टेंट आणि गुडघ्यांच्या किमतींवर २०१७ पासून निदान मर्यादा तरी आहे.

आणि आपल्या बिलात खरेदी किंमत येतच नाही. याची दोन कारणे. एक, फार्मसी बाहेरच्या कंत्राटदाराकडे दिलेली असते आणि त्याचे सॉफ्टवेअर फक्त छापील किंमत दाखवते. दुसरे, निर्धन रुग्णाच्या नातेवाइकालाही ‘खालून घेऊन या’ म्हणून चिठ्ठी दिली जाते. तो रोख पैसे देऊन औषध आणतो, ती पावती फाइलवर चढत नाही, आणि शेवटच्या बिलावर ‘१०० टक्के सवलत’ असा शिक्का बसतो तेव्हा त्याच्या खिशातून अर्धा खर्च आधीच गेलेला असतो. अहवालात तो रुग्ण मोफत. म्हणून निर्धन वर्गाच्या फाइलवर रोख चिठ्ठी निघताच कामा नये, सगळी मागणी वॉर्डातून इंडेंटने, म्हणजे लेखी मागणीपत्राने, जावी. कंत्राटदाराच्या करारात खरेदी बिल दाखवण्याचे कलम घालावे. पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहू नये. इम्प्लांटचा बॅच स्टिकर आणि पुरवठादाराच्या इन्व्हॉइसची प्रत फाइलला जोडलेली नसेल, तर ते बिल निधीतून वळते करू नये. एवढ्याने निधी बराच लांब पुरेल.

‘निधी संपला’ हे उत्तर आम्हालाच अनेकदा द्यायला लावले जाते. पण खाट, नर्सिंग आणि आरएमओ यांचा भार निधीवर नाहीच. ते निधीत शिल्लक असो वा नसो, मोफतच द्यायचे आहे. निधीत दीर्घकाळ तफावत राहत असेल, तर ती बाब योजनेच्या देखरेख समितीपुढे न्यायला हवी. रुग्णाला काउंटरवर सांगून विषय मिटत नाही. उलटही घडते, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही : काही ठिकाणी निधी वर्षानुवर्षे पडून असतो, कारण राखीव खाटा भरलेल्याच नसतात. बँकेत साठलेली ही रक्कम ताळेबंदात दिसते तेव्हा ती शिल्लक चांगल्या व्यवस्थापनाची खूण मानू नका. तेवढे रुग्ण आले नाहीत किंवा येऊ दिले गेले नाहीत.

खाटा कुठे राखल्या आहेत, हेही एकदा पाहाच. नेत्रविभाग, दिवसभराच्या खाटा, जुन्या इमारतीतला वरचा मजला अशा ठिकाणी २० टक्क्यांचा हिशेब पुरा केला जातो, आणि आयसीयू, एनआयसीयू, हृदयरोग इथे एकही राखीव खाट नसते. महिन्याच्या शेवटी मोतीबिंदूचे शिबिर घेऊन आकडा गाठला जातो. मोतीबिंदूची शिबिरे जरूर घ्यावीत, पण हृदयविकाराच्या रुग्णाला ‘खाट नाही’ सांगून वर्षाचा सरासरी आकडा बरोबर दाखवणे हा हिशेबाचा खेळ झाला. राखीव खाट म्हणजे ठरावीक पलंग, ही समजूतही सोडायला हवी. कोणत्याही विभागातला रुग्ण निर्धन वर्गात नोंदला, की त्याची खाट राखीव. सिस्टर रात्री बारा वाजता सेन्सस, म्हणजे दाखल रुग्णांची मोजणी, घेतातच. त्यात वर्गाचा एक रकाना वाढवला, की रोजचा खरा आकडा हातात येतो. तोच सकाळी प्रवेशद्वारावरच्या फलकावर आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर जावा. सध्या फलक एक सांगतो, संकेतस्थळ दुसरे आणि वॉर्ड तिसरेच.

डायलिसिसवर असलेल्यांचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो, कारण योजना आंतररुग्णाला धरून रचलेली आहे आणि हा माणूस आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तासांसाठी येतो. महिन्याला आठ ते तेरा वेळा. प्रत्येक वेळी नवी नोंद, प्रत्येक वेळी सवलतीच्या अर्जावर नवी सही. सही करणारे साहेब नसतील तर त्या दिवशी पूर्ण पैसे, नाहीतर परत घरी. आणि डायलिसिस चुकवून घरी गेलेला रुग्ण दोन दिवसांनी फुप्फुसांत पाणी साचून कॅज्युअल्टीत येतो. मग आयसीयूचा खर्च. अशा रुग्णाला वर्षभराची एकच मंजुरी द्यावी, दाखल्याची मुदत संपायच्या महिनाभर आधी समाजसेवकाने त्याला आठवण करावी. मंजुरीत डायलायझर, ट्यूबिंग आणि हिमोग्लोबिन वाढवणारी इंजेक्शने स्पष्ट लिहावीत, नाहीतर ‘डायलिसिस मोफत, सामान तुमचे’ असा मधला मार्ग निघतोच.

सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचे रुग्णालय असेल, तर आणखी एक गुंता आहे. तिथे आजार आणि शस्त्रक्रियांची यादी ठरलेली, पूर्वपरवानगी लागते, योजनेचा मदतनीस आरोग्यमित्र वेगळ्या टेबलावर बसतो. यादीत न बसणारा रुग्ण तिथून ‘तुमचे होत नाही’ ऐकून निघतो आणि समाजसेवकाचे टेबल चार पावलांवर आहे हे त्याला कोणी सांगत नाही. दोन्ही टेबले शेजारी ठेवा. याहून मोठी शिफारस इथे नाही.

आता थोडे कटू. आमच्यापैकी सगळ्यांनी पाहिलेले दृश्य असे, की ज्या रुग्णाकडे नगरसेवकाचे, आमदाराचे किंवा एखाद्या विश्वस्तांचे पत्र असते त्याला कागद कमी लागतात आणि सवलत जास्त मिळते. पत्र नसलेल्याला सगळे नियम. चिठ्ठीवर दिलेली सवलत पुष्कळदा याच निधीतून जाते, मग १ लाख ८० हजारांची मर्यादा कुठे राहिली? विश्वस्तांना कोणाला मदत करावीशी वाटली तर त्यासाठी न्यासाचा वेगळा देणगी निधी असतो, तो वापरावा. निर्धन रुग्ण निधीतल्या प्रत्येक मंजुरीवर समाजसेवकाची पडताळणी आणि पुराव्याचा प्रकार लिहिलेला असावा. शिफारस करणाऱ्याचे नाव लिहायला जागाच नसावी.

इस्टिमेटचेही पाहावे. ‘अंदाजे दीड ते अडीच लाख’ अशी एकच ओळ लिहून दिली, की माणूस घाबरून रुग्णाला उठवून नेतो. ऑपरेशन, भूल, ओटी, इम्प्लांट, औषधे, आयसीयूचे दिवस, असे वेगळे आकडे लिहिले आणि त्यासमोर निर्धन व दुर्बल घटकाला लागू होणारी रक्कम त्याच कागदावर छापली, तर अर्धे वाद तिथेच संपतात. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावणे महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी बंधनकारकच आहे. ती मराठीत लावा, आणि कॅश काउंटरच्या रांगेत उभे राहून वाचता येईल अशा उंचीवर. लिफ्टमागच्या भिंतीवरची सनद आम्हीही अजून पूर्ण वाचलेली नाही.

तुमच्याकडून आम्हाला तीन कागद हवे आहेत. पुढच्या बैठकीत ‘तात्पुरता निर्धन’ वर्गाचा आणि नवजात बाळाला आईचाच वर्ग लावण्याचा ठराव. फार्मसी कराराची खरेदी किमतीच्या कलमासह सुधारित प्रत. आणि दर महिन्याच्या १० तारखेला विश्वस्तांच्या टेबलावर एका पानाचा तक्ता : विभागवार किती निर्धन व दुर्बल रुग्ण दाखल झाले, किती परत गेले आणि का, निधीत किती आले, किती गेले, आणि मोफत म्हणून नोंदलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी खालच्या फार्मसीत रोख किती भरले. शेवटचा आकडा आज कोणत्याच अहवालात नाही. फार्मसीच्या पावतीवर आयपी नंबर छापायला सुरुवात केली, तर तो महिन्याभरात मिळू लागेल. तक्ता भरायची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले,
धर्मादाय रुग्णालयांत काम करणारे काही वैद्यकीय समाजसेवक, परिचारिका आणि बिलिंग कर्मचारी